टॉम रॉबिन्सनचा डावा हात

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला सांगितले, तुम्हाला वाटेल त्या विषयावर बोला. आम्ही एका इंग्रजी कादंबरीचे नाव घेतले, तेव्हा दोघे-तिघे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सूतगिरणीतला माणूस, शाळा नववीत सुटलेली, आणि हा कादंबरीवर बोलणार! त्यांचेही बरोबर आहे. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. रिंग फ्रेमवर तुटलेले धागे जोडण्यात आयुष्य गेले. हे पुस्तक जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मिळाले, पुठ्ठा फाटलेला होता. रात्रपाळी करून आल्यावर, शेजारी शब्दकोश ठेवून, झोप येईपर्यंत जेवढी होतील तेवढी पाने, असे करत आठ महिने लागले. त्यामुळे कुठे चुकलो तर सांभाळून घ्या. पण जे समजले ते समजले, त्यात आम्ही माघार घेणार नाही.

कादंबरीचे नाव 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. लेखिका हार्पर ली, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातील मनरोव्हिल गावची. पुस्तक १९६० साली निघाले, १९६१ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९६२ साली सिनेमा आला. तिकडे शाळाशाळांतून पोरांना हे पुस्तक लावलेले असते. गोष्ट आहे १९३० नंतरच्या मंदीच्या काळातली. मेकोम्ब नावाचे कल्पित गाव, तिथले गोरे वकील अ‍ॅटिकस फिंच आणि त्यांची दोन मुले. धाकटी मुलगी स्काउट, तीच गोष्ट सांगते. टॉम रॉबिन्सन नावाच्या पंचवीस वर्षांच्या काळ्या शेतमजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो. कोर्ट वकिली अ‍ॅटिकसकडे देते. खटला चालतो, टॉम निर्दोष आहे हे उघड्या डोळ्यांना दिसते, आणि ज्युरी त्याला दोषी ठरवते. गोष्ट एवढीच.

पण आम्ही अडकलो ते एका ठिकाणी. टॉमचा डावा हात निकामी आहे. लहानपणी तो कापसाच्या जिनमध्ये सापडला. हाडावरून स्नायू सुटून आले, पोरगा रक्त जाऊन मरायचाच बाकी राहिला होता. तो हात उजव्यापेक्षा आखूड, वाळलेला, लोंबता. हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. झोप गेली ती गेलीच.

ज्यांनी जिनिंग पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी काढायची, त्याला जिनिंग म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रुळांचे यंत्र असते, अमेरिकेत आरीचे. गोल आऱ्यांचे दाते कापूस ओढतात, पट्ट्यांच्या बारीक फटीतून रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडेच पडते. त्या दात्यांना कापूस कोणता अन् मनगट कोणते हे कळत नाही. आमच्या गिरणीत कार्डिंगच्या दातेरी रुळात एका सोबत्याची तीन बोटे गेली, तेव्हा चौकशीत लिहिले गेले की कामगाराचा निष्काळजीपणा. टॉमची तर चौकशीही झाली नसेल. शिकायच्या वयातले पोर यंत्रापाशी का होते, हे पुस्तकात कोणीच विचारत नाही.

हे यंत्रही साधे नव्हे बरं का. एली व्हिटनीने ते १७९३ साली बनवले. त्याआधी सरकी हाताने काढत. आपल्याला वाटेल, यंत्र आले म्हणजे गुलामांचे कष्ट कमी झाले असतील. झाले उलटेच. सरकी झटपट निघू लागली म्हणून कापसाचा पेरा वाढला, पेरा वाढला म्हणून खुरपायला, वेचायला माणसे जास्त लागू लागली. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये सुमारे ४० लाख! पुढे १८६५ साली गुलामगिरी कायद्याने गेली. कापूस मात्र राहिला, जमीन ज्यांची होती त्यांचीच राहिली, आणि टॉमसारखी माणसे त्याच कापसात राहिली.

आणि गिरणीत? कापूस वेचणारा काळा, पण सूत कातणारा अन् कापड विणणारा गोरा. दक्षिणेतल्या गिरण्यांत काळ्या माणसाला फार तर गाठी उचलायला, झाडायला घेत. साउथ कॅरोलिनात तर १९१५ साली कायदाच केला की गिरणीच्या एका खोलीत काळा आणि गोरा एकत्र काम करणार नाहीत, एका वेळी एका दारातून जाणार नाहीत आणि पिण्याच्या पाण्याची बादली, पेलासुद्धा वेगळा! मित्रहो, हे वाचून आम्हाला मुंबईचे विणखाते आठवले. तिथे अस्पृश्य कामगाराला साच्यावर घेत नसत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढून काढावे लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. कामगारांच्या एकीची भाषा करणाऱ्यांना ती मागणी गिळायला जड गेली. तेव्हा कोणी विचारील की अलाबामाच्या गोष्टीशी आपला काय संबंध, तर संबंध हा आहे. महात्मा फुल्यांना तो १८७३ सालीच दिसला होता. त्यांनी 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. आणि १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवले होते, त्याला उत्तरही आले होते.

आता खटल्याकडे येऊ.

आरोप करणारी मुलगी मेयेला युएल. वय एकोणीस. बाप बॉब युएल दारुडा, सरकारी मदतीचे पैसे दारूत घालणारा. घर गावच्या उकिरड्यामागे. त्यांच्यापेक्षा काळ्यांच्या वस्तीतली घरे नीटनेटकी. या माणसाजवळ गावात मिरवण्यासारखे काही नाही, एक गोरी कातडी सोडली तर. त्या उकिरड्याच्या कडेला ती पोरगी फुटक्या भांड्यांत लाल जिरॅनियमची फुलझाडे लावते, जपते. आई मेलेली, सात भावंडे अंगावर. कोर्टात वकील तिला 'मिस' म्हणतात तर तिला वाटते आपली थट्टा चालली आहे. इतक्या मानाने तिच्याशी उभ्या आयुष्यात कोणी बोललेलेच नसते.

टॉम त्याच वाटेने कामाला जातो. ती त्याला अधूनमधून हाक मारते, लाकूड फोडून दे, पाणी आणून दे. तो करून देतो, पैसे घेत नाही. एक दिवस ती त्याला घरात बोलावते. वर्षभर नाणी साठवून तिने सातही भावंडांना आइस्क्रीम खायला गावात धाडलेले असते. ती टॉमला मिठी मारते, चुंबन घेते. खिडकीतून बाप बघतो. टॉम पळतो. बाप मुलीला बडवतो आणि मग पोलिसांत जातो.

पुरावा काय? मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार. समोरून मारणाऱ्याचा म्हणजे डावा हात चाललेला. गळ्याभोवती सगळीकडून बोटांचे वळ, म्हणजे दोन्ही हात. डॉक्टरला कोणी बोलावलेलेच नाही, हे शेरीफ स्वतः कबूल करतो. अ‍ॅटिकस बॉब युएलला पाकिटावर सही करायला लावतात, तो डाव्या हाताने करतो. आणि टॉम शपथ घ्यायला उभा राहतो तेव्हा त्याला डावा हात उजव्याने उचलून बायबलवर ठेवावा लागतो, तरी तो घसरून खाली पडतो. सिनेमात वकील त्याच्याकडे पेला फेकतात आणि तो उजव्या हाताने झेलतो असे दाखवले आहे. पुस्तकात पेला नाही, आणि त्याची गरजही नाही. साऱ्या कोर्टाने बघितले.

आपल्याला नेहमी सांगतात की अन्याय होतो कारण पुरावा कमी पडतो, साक्षीदार फुटतात, वकील चांगला मिळत नाही. इथे पुरावा लोंबत समोर उभा आहे. वकील गावातला सर्वात चांगला, न्यायाधीशही बरा माणूस. तरी टॉम गेला. मग तो कशाने गेला?

आमच्या मते तो एका वाक्याने गेला. सरकारी वकील त्याला, संसारी माणसाला, पोऱ्या पोऱ्या करून विचारतो की फुकट कामे का करून देत होतास? टॉम सरळ सांगून टाकतो की त्या मुलीची त्याला दया आली, घरात तिला हातभार लावणारे कोणी नव्हते. झाले! वकील ते वाक्य पकडतो आणि ज्युरीपुढे नाचवतो. काळ्या माणसाला गोऱ्या बाईची दया आली? त्याने तिला मारले असे म्हणाला असता, तर ते त्यांच्या हिशेबात बसले असते. त्याने तिच्यावर दया केली, हे बसेना. कारण दया वरून खाली वाहते असा त्यांचा कायदा आहे. खालचा माणूस वरच्याची कणव करतो म्हणजे तो क्षणभर का होईना वर उभा राहतो.

बंधू-भगिनींनो, आपण या विहारात करुणा हा शब्द रोज उच्चारतो. एका मजुराच्या मनात करुणा उपजली आणि कोर्टाने तोच गुन्हा धरला, हे आम्ही कुठल्या दुसऱ्या पुस्तकात इतके उघडे लिहिलेले वाचले नाही. यासाठी हार्पर लीबाईंना आमचा मनापासून जयभीम.

मेयेलाबद्दल तरुणांनी आम्हाला विचारले, तीही पीडितच ना? होय. बापाने कुटलेली, भुकेली, एकटी. पण आपली चूक लपवायला तिच्याजवळ एक हत्यार होते, ते टॉमजवळ नव्हते. तिने ते चालवले.

हे कल्पनेतले वाटत असेल तर स्कॉट्सबरोचा खटला बघा. मार्च १९३१, हेच अलाबामा राज्य. मालगाडीतून फुकट प्रवास करणारी नऊ काळी पोरे पकडली, कोणी बारा-तेरा वर्षांचा, कोणी एकोणीस. त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या मुलींनी बलात्काराचा आरोप केला. त्या मुली कोण? हंट्सव्हिलच्या कापड गिरणीतल्या कामगार! आमच्यासारख्याच, पोट हातावर असलेल्या. पंधरा दिवसांच्या आत खटले उरकून आठ जणांना फाशी सुनावली. १९३३ साली त्यातल्या एका मुलीने, रूबी बेट्सने, कोर्टात येऊन सांगितले की काही घडलेच नव्हते. ज्युरीने तरीही दोषी ठरवले. न्यायाधीश हॉर्टन यांनी तो निकाल फिरवला, तर पुढच्या वर्षी मतदारांनी त्यांना खुर्चीवरून खाली ओढले. वरच्या कोर्टात प्रकरण गेले तेव्हा ज्युरीच्या यादीत काळ्यांची नावे मागाहून घुसडलेली निघाली, मुख्य न्यायमूर्तींनी भिंग घेऊन ती यादी पाहिली. फाशी कोणालाच झाली नाही, पण तुरुंगात उमेदीची वर्षे गेली. शेवटच्या तिघांना माफी मिळाली २०१३ साली, ते मेल्यावर. लेखिका हा खटला सुरू झाला तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती. तिच्या स्वतःच्या वडिलांनी, तेही वकील, १९१९ साली दोन काळ्या आरोपींचा बचाव केला होता. दोघांनाही फासावर दिले गेले.

आता पुस्तकावर आमची तक्रारही सांगितली पाहिजे. मॉकिंगबर्ड हा गाणारा पक्षी. कोणाचे काही बिघडवत नाही, म्हणून त्याला मारणे पाप, असा नावाचा अर्थ. टॉम मेल्यावर गावचा संपादक त्याच्या मृत्यूची तुलना अशाच पाखरांच्या शिकारीशी करतो. लोकांना हे फार हृद्य वाटते. आम्हाला खटकले. टॉम पाखरू आहे काय? तो तीन लेकरांचा बाप आहे, आठ वर्षे एका मालकाकडे कापूस वेचतो आहे, हाणामारीत एकदा तीस दिवसांची शिक्षाही भोगून आला आहे, कारण समोरच्याने दंड भरला आणि याच्याजवळ पैसे नव्हते. तो निरुपद्रवी होता म्हणून त्याला न्याय हवा होता, असे नव्हे. भांडखोर असता, उर्मट असता, तरी हात तोच होता आणि पुरावा तोच.

निकालानंतर अ‍ॅटिकस कोर्टातून बाहेर पडतात, तेव्हा वरच्या सज्जात कोंबलेले सगळे काळे लोक त्यांच्या मानासाठी उभे राहतात. या प्रसंगाला वाचणारे रडतात म्हणे. आम्हीही थांबलो. पण आमची नजर टॉमकडे गेली. त्याला कुठून नेले, त्याच्याकडे कोणी पाहिले का, हे त्या पानावर सापडत नाही.

पुढे २०१५ साली लेखिकेची आधी लिहून ठेवलेली दुसरी कादंबरी निघाली, 'गो सेट अ वॉचमन'. त्यात म्हातारे अ‍ॅटिकस काळ्यांना समान हक्क नकोत म्हणणाऱ्या गोऱ्यांच्या सभेत बसलेले आढळतात. वाचकांना मोठा धक्का बसला, काहींनी पुस्तके परत केली. आम्हाला नाही बसला. टॉमला वाचवायला कोर्टात उभे राहणे वेगळे आणि टॉमच्या पोराला आपल्या पोराच्या बाकावर बसू देणे वेगळे. पहिल्यात माणूस वरच राहतो.

आम्हाला सगळ्यात आवडले ते चर्चचे प्रकरण. काळ्यांचे चर्च, गुलामगिरीतून सुटलेल्यांनी पहिल्या कमाईतून विकत घेतलेले. प्रार्थनेची पुस्तके नाहीत, असून उपयोग नाही, कारण वाचता येणारे चौघेच. मग झीबो नावाचा एक जण ओळ वाचतो आणि बाकीचे ती मागून गातात. जुन्या लोकांना आठवत असेल, आपल्याकडेही एक जण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायचा आणि बाया-माणसे माना हलवत ऐकायची. या झीबोला आईने वाचायला शिकवले ते दोन पुस्तकांवरून, एक बायबल आणि दुसरे ब्लॅकस्टोनचा कायद्याचा ग्रंथ! स्वयंपाकघरात राबणारी कॅलपर्निया कायद्याच्या पोथीवरून पोराला अक्षर गिरवायला लावते. आणि त्याच चर्चमध्ये टॉमच्या बायकोसाठी पैसे गोळा होतात. तिला कोणी कामावर घेत नाही. पाद्री दार लावून घेतो आणि दहा डॉलर भरेपर्यंत कोणाला बाहेर सोडत नाही. आमच्या संपफंडाच्या वेळी आम्ही असेच दारात उभे होतो, फक्त दार लावायची हिंमत झाली नाही.

टॉमचा शेवट तुरुंगात झाला. अपील करायचे होते, वकिलांना आशा होती. टॉमची आशा संपली होती. फिरायला मोकळे सोडले असताना तो कुंपणाकडे धावला, चढायला लागला आणि पहारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या. अंगात सतरा गोळ्या. दोन्ही हात धड असते तर पलीकडे गेला असता, असे त्याचे वकीलच म्हणतात. ज्या हाताने तो निर्दोष ठरायला पाहिजे होता, त्याच हाताने तो कुंपणावर कमी पडला.

आणि मनरोव्हिल? लेखिकेच्या त्या गावात जुन्या कोर्टाचे संग्रहालय आहे, या कादंबरीचे नाटक गावकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्याच गावात नोव्हेंबर १९८६ मध्ये एका गोऱ्या तरुणीचा खून झाला. वॉल्टर मॅकमिलियन या लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्या काळ्या माणसाला पकडले. खटल्याआधीच त्याला फाशीच्या कैद्यांत ठेवले. खून झाला त्या वेळी तो घरी होता, मासे तळून विकायचा आणि चर्चसाठी पैसे जमवायचा कार्यक्रम चालला होता, अनेकांनी त्याला तिथे पाहिले होते. ते सगळे काळे. १९८८ साली दीड दिवसात खटला संपला. ज्युरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने ती बदलून मृत्युदंड दिला. ब्रायन स्टीव्हन्सन या कृष्णवर्णीय वकिलाने लढून १९९३ साली त्याला सोडवले. साक्षीदार खोटे बोलला होता, त्याने तसे सांगितले.

भाषण झाल्यावर चहा घेताना एक आक्का जवळ आल्या. वय सत्तरच्या पुढे. म्हणाल्या, ''व्हय रं बाबा, त्या टॉमच्या बायकोचं बोलणं कुठं आलंच न्हाई तुझ्या पुस्तकात?'' आम्ही म्हणालो, बघून सांगतो. घरी येऊन पुन्हा पाने चाळली. तिचे नाव हेलन. नवऱ्याच्या मरणाची बातमी घेऊन वकील येतात, ते तोंडातून शब्द काढायच्या आतच ती अंगणात कोसळते. तेही बघणाऱ्या पोराने सांगितलेले. पुढे टॉमचा जुना मालक तिला कामावर घेतो, आणि ती युएलच्या घरावरून जायचे टाळण्यासाठी जवळजवळ मैलभर वळसा घालून कामाला जाते. मालकाने विचारले तेव्हा कुठे ती कारण सांगते.

पुढच्या रविवारी आक्कांना हे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ''पोरं किती होती म्हनलास?''

तीन, आम्ही सांगितले.

पुस्तकाला नवा पुठ्ठा घालून विहाराच्या कपाटात ठेवले आहे. ज्यांना इंग्रजी जड जाईल त्यांच्यासाठी रविवारी वंदनेनंतर आम्ही एकेक प्रकरण वाचून मराठीत सांगायला बसू. जयभीम, नमो बुद्धाय.